कडब्याच्या खोलीतली पावलं

प्रिय राजेश्वरी,

गौरी जेवल्या, तुझी आई भांड्यांना बसली, म्हणून आता पेन धरलं. चौथीपर्यंतची शाळा माझी, अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं, लावून वाच. आधी तुझ्या जिवाचा घोर सांगते. ऋषिराजचे आईवडील आज घर बघून गेले. आणि तू सांगितलं होतंस तरी माऊलीकाकाला पिंपळीला आत्याकडे पाठवलं नाही. तो घरातच होता. शिव्या द्यायच्या तर सगळं वाचून मग दे.

एक्केचाळीस वर्षांचा बाप्या आणि बुद्धी सहा वर्षांच्या पोराची, असं डॉक्टर म्हणतात. मला विचारशील तर सहा वर्षांची पोरं जास्त लबाड असतात. बारामतीच्या त्या कार्यशाळेत तो जातो, तिथं मागच्या महिन्यात मी त्याच्याबरोबर एसटीनं गेले. वीस-पंचवीस मोठी माणसं, कुणाला बोलता येत नाही, कुणाची लाळ गळते, आणि सगळी रंग घेऊन बसलेली. एक बाई सकाळपासून नुसते गोल काढत होती. तिथल्या ताईंना मी म्हटलं, ह्याचा उपयोग काय? त्या म्हणाल्या, आजी, तुमच्या जपाचा उपयोग काय? राग आला मला. पण खरं सांगते, जपाला बसले की माझं निम्मं ध्यान चुलीवरच्या दुधाकडे असतं. ती बाई मात्र कुठंच गेलेली नव्हती. गोलातच होती.

तर गौरी आणायच्या दिवशी माझे गुडघे वाकेनात. पावलं काढणार कोण? तुझी आई भाजी-भाकरीच्या नैवेद्यात. माऊली म्हणाला, मी काढतो. गड्यामाणसानं पावलं काढायची म्हणून तुझ्या बापानं नाक मुरडलं. मग तू काढतोस का, म्हटल्यावर रामहरी गोठ्याकडे निघून गेला. तांदळाचं पीठ कालवून दिलं. मूठ बुडवायची, आडवी टेकवायची, वर पाच बोटं उठवायची. एक पाऊल झालं की हा हात जोडणार, डोळे मिटणार, मग पुढचं. दोन तास झाले. शेजारची दगडाबाई मुखवटे घेऊन दारात उभी. म्हणाली, "यशोदे, औंदा गौर बसणार हाय का माघारी जाणार?"

गौरीला सगळं घर दाखवायची आपली रीत. चूल, कणगी, गोठा. ह्यानं न्हाणीसुद्धा सोडली नाही. तिथून परसात वळला आणि पावलं निघाली कडब्याच्या खोलीकडे. गौर कधी कुणी कडब्यात नेली आहे का? मी ओरडत मागं गेले. आत पार कोपऱ्यात त्यानं शेवटची जोडी उठवली होती. बोटं भिंतीकडे नाहीत, दाराकडे. कुणीतरी दाराकडे बघत उभं राहावं तशी. म्हटलं, "हितं कशाला रं मुडद्या?" तर म्हणतो, "हितं अंधार हाय. तिला म्हाईत पायजे."

तुला हे कुणी सांगितलं नसणार. आत्याला बघायला पाहुणे आले तेव्हा तू पाळण्यात होतीस. त्या दिवशी मी ह्याला त्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली. पंधरा वर्षांचा होता. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत आत. ओरडला नाही, दार वाजवलं नाही. आत्याचं जमलं, पेढे वाटले, आणि मी म्हणत राहिले, त्याला काय कळतंय. सव्वीस वर्षं तेच म्हणत आले. मी रडले-बिडले नाही. गुडघ्याचं काय व्हायचं ते होऊ दे म्हणून तिथंच कडब्यावर बसले, तेवढंच. मग गौरी तिथवर आणल्या, निरांजन ओवाळलं. दगडाबाईनं तोंड मिटून ठेवलं, हाही चमत्कारच.

आज सकाळी रामहरी त्याला पिंपळीला सोडायला गाडी काढत होता. किल्ली मी कमरेला खोचली. पाहुणे आले. ऋषिराजच्या आईच्या हातात चहा होता, तेव्हाच म्हटलं, हा माझा धाकटा. ह्याला समजायला वेळ लागतो. ही पावलं ह्याची. मागं एकदा पाहुण्यांपासून ह्याला लपवला होता, परत लपवणार नाही. तिनं कप खाली ठेवला. म्हटलं, गेली पोरीची सोयरीक. मग ती उठली. पावलं अजून तशीच होती, गौरी उठेपर्यंत आपण पुसत नाही. तिनं साडी वर धरली आणि भिंतीच्या कडेकडेनं, एकावरही पाय न देता, पार अंगणात गेली. नवऱ्याचा पाय पडणार होता तर त्याला बाहीला धरून ओढला. "अहो, बघून चाला की! बसून काढलीत कुणीतरी." तो बिचारा बगळ्यासारखा एका पायावर. माऊली खदखदून हसला, मग ती पण हसली. होकार त्यांचा ते कळवतील. मी आज पोटभर जेवले.

हे फोनवर सांगितलं असतं. पण मला कमी ऐकू येतं, म्हणून आपला फोन सगळ्या घराला ऐकू जाईल असा लावलेला असतो. काकाला दोन दिवस पाठव, त्यांना दिसायला नको, हे तू म्हणालीस तेव्हा तो पलीकडेच शेंगा फोडत बसला होता. शेंगा फोडतच राहिला. गौरी यायच्या दिवशी सकाळी बघते तर ओट्यावर पिशवी भरलेली, दोन सदरे आणि टॉवेल. कुठं निघालास विचारलं तर म्हणाला, "राजीचं लगीन हाय न्हवं." पिशवी तशीच ठेवून त्यानं ती पावलं काढली. आज मी ती रिकामी केली. तो रागावलेला नाही. रागवायचं त्याला जमत नाही, ते काम आपल्यालाच करावं लागतं. त्याला वाचता येत नाही म्हणून हा कागद. आता फोन करशील तो मला नको, त्याला कर. काय बोलायचं ते तुझं तू बघ. मी परसात जाऊन बसेन.

तुझीच,
यशोदा आजी
निमगाव केतकी