पती-पत्नी एकत्र नेमणुकीची सवलत परत करण्याबाबत

प्रति,
मा. सचिव,
कार्मिक विभाग, केंद्र सरकार,
सचिवालय, तिसरा मजला, कोपऱ्यातील दालन.

अर्जदार : उपसंचालक, मुद्रण व लेखनसामग्री विभाग (आपली पत्नी).

मार्फत : योग्य मार्गाने. (अर्जदाराच्या कार्यालयप्रमुखांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि "मी फक्त पुढे पाठवतोय हं, माझं काही मत नाही," असे म्हणून शिक्का मारला.)

विषय : अर्जदारास पती-पत्नी एकत्र नेमणुकीच्या सवलतीतून मोकळे करून जलमापन संचालनालयात परत पाठवण्याबाबत.

संदर्भ : १) पदोन्नती मंडळाची मागील महिन्यातील बैठक.
२) "घरी ऑफिसचा विषय नको, काय ते रीतसर अर्जाने कळव," हा आपला तोंडी आदेश. स्थळ : जेवणाचे टेबल.

महोदय,

संदर्भ क्र. २ नुसार अर्जदार रीतसर कळवत आहे.

१. अर्जदार आणि आपण यांची निवड एकाच वर्षी, एकाच परीक्षेतून झाली. यादीत अर्जदाराचे नाव आपल्या वर होते. हा मुद्दा तिने संसारात कधी काढला नाही. येथेही केवळ नोंदीसाठी काढला आहे. तिची पहिली नेमणूक जलमापन संचालनालयाच्या पूर-कक्षात झाली. खोलीत एक लांब टेबल, भिंतभर नदीचा नकाशा आणि कधी वाजतील याचा नेम नसलेले फोन. वरच्या ठाण्यावरून पाण्याची पातळी कळायची आणि खालच्या गावांना ते पाणी केव्हा गाठेल हे अर्जदार सांगायची. अंदाज एकदा चुकला तेव्हा ती आठवडाभर धड जेवली नाही. बरोबर यायचा तेव्हा कोणाला कळायचेही नाही, कारण काहीच घडलेले नसायचे. तिला हे काम मनापासून आवडायचे. लग्न ठरवताना आपणही तेच म्हणाला होतात, की तुझे हेच मला आवडते.

२. मग आपणांस दूरच्या विभागाचे प्रमुखपद मिळाले. सेवेत बदल्या दोन प्रकारच्या असतात, हे कार्मिक सचिवांना सांगणे उद्धटपणाचे आहे. परंतु फाइल इतरही वाचतील. सरकारला गरज असते म्हणून होते ती प्रशासकीय बदली. माणसाला गरज असते म्हणून होते ती विनंती-बदली. पहिलीत माणूस वर जातो. दुसरीत तो नव्या विभागाच्या ज्येष्ठता यादीत सर्वांत खाली जाऊन बसतो. आपली पहिल्या प्रकारची झाली. बिऱ्हाड मोडू नये म्हणून अर्जदाराची दुसऱ्या प्रकारची करून घ्यावी लागली. पती-पत्नी एकत्र नेमणुकीची सवलत दोघांच्या सहीने घेतली, पण तिच्यात फक्त गाव मिळते; खाते बदलायला अर्जात वेगळे कारण लागते. तो विनंतीअर्ज आपण तोंडी सांगितलात आणि तिने लिहिला. "नवऱ्याच्या बढतीमुळे असं लिहू नकोस, मंजूर होत नाही. कौटुंबिक अडचण लिही. आईची तब्येत म्हण." सासूबाई त्या वेळी पलंगावर उभ्या राहून पंख्याची पाती पुसत होत्या. "या वेळी माझं होऊ दे, पुढची पाळी तुझी," असेही आपण म्हणालात. अर्जदार नागरी पुरवठा विभागात गेली आणि गोदामांचे हिशेब शिकू लागली.

२. (क्रमांक चुकलेला नाही. तेच पुन्हा घडले.) आपणांस मंत्र्यांच्या कार्यालयातून बोलावणे आले. अर्जदाराचा पुरवठा विभागात जरा कुठे जम बसत होता. ती अभिलेख कक्षात आली. तळघर, डोक्यावरून जाणारे पाइप, आणि शेजारी असे दोन अधिकारी की जे तिच्याहून सेवेत लहान पण यादीत मोठे. पुढची पाळी तुझी.

२. (तेच.) आपण बंदर प्रशासनात, अर्जदार सांख्यिकीत. "आता मला नेमकं झालंय तरी काय?" असे सासूबाईंनी या वेळी विचारले. म्हणजे कोणी चौकशी केली तर एकच उत्तर देता येईल. आपण "गुडघे" म्हणालात. त्या "बरं" म्हणाल्या आणि पिशवी घेऊन बाजारात गेल्या, पायी.

२. (शेवटचे.) आपण अतिरिक्त सचिव म्हणून राजधानीत परतलात. अर्जदाराने या वेळी पेन खाली ठेवले, हे आपणांस आठवत असेल. तेव्हा आपण तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसलात आणि म्हणालात, "माझ्यावर सोड. जलमापनची वरची जागा रिकामी होऊ दे, ती तुझी. तोवर दम धर." अर्जदाराने दम धरला. ती मुद्रण व लेखनसामग्री विभागात आली. आपण ज्या फायलींवर सह्या करता त्यांचे पुठ्ठे किती जाड असावेत, हे हल्ली ती ठरवते.

३. मध्यंतरी प्रशिक्षण संस्थेत "वरिष्ठ नेतृत्वाची वाटचाल" या विषयावर आपले व्याख्यान झाले. पडद्यावर आपली कारकीर्द जिन्यासारखी काढली होती, प्रत्येक पायरीवर एक पद. जिना फारच सरळ होता. एका प्रशिक्षणार्थी बाईंनी विचारले, इतक्या बदल्यांत घर कसे सांभाळलेत? आपण म्हणालात, "त्या बाबतीत मी नशीबवान." सभागृह हसले. आभारप्रदर्शन लेखनसामग्री विभागाकडे होते, कारण वह्या आणि पेने आम्ही पुरवली होती. ते अर्जदाराने केले. वक्त्यांनी वेळात वेळ काढून मार्गदर्शन केल्याबद्दल तिने त्यांचे मनःपूर्वक आभार मानले. घरी येताना गाडीत आपण "छान बोललीस" म्हणालात.

४. पुढे जलमापन संचालनालयाचे महासंचालकपद खरोखरच रिकामे झाले. अर्जदाराचे नाव पदोन्नती मंडळापुढे गेले. आपण एव्हाना कार्मिक सचिव आणि त्या नात्याने मंडळाचे सदस्य झाला होतात. नातलग उमेदवार असेल तर सदस्याने बैठकीबाहेर जावे असा नियम आहे. सकाळी बूट घालताना आपण म्हणालात, "तुझं नाव आलं की मी उठेन. निश्चिंत राहा." अर्जदाराने शिफारस मागितली नव्हती. आपण उठाल, एवढ्यावरच ती निश्चिंत होती.

तिची निवड झाली नाही. दोन दिवसांनी मंडळाच्या अध्यक्षबाई लिफ्टपाशी भेटल्या. त्यांनी अर्जदाराचा हात हातात घेतला आणि तिला बरे वाटावे म्हणून सांगितले, "वाईट वाटून घेऊ नका. पण तुमचे मिस्टर म्हणजे तटस्थपणाचा नमुना हो. बाहेर जाऊ का म्हणाले, तर मीच म्हटलं, बसा, आमचा विश्वास आहे तुमच्यावर. चार-चार विनंती-बदल्या का, असं मी सगळ्यांदेखत विचारलं, तर एक अक्षर बोलले नाहीत. दुसरा कोणी असता तर बायकोची बाजू घेऊन मोकळा झाला असता."

त्या खोलीत या प्रश्नाचे उत्तर माहीत असलेला एकच माणूस होता. मंडळाने शेरा लिहिला : "सेवेपेक्षा वैयक्तिक सोयीस प्राधान्य. कारकिर्दीस दिशा नाही." खाली सर्व सदस्यांच्या सह्या आहेत. आपली तिसरी.

५. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी अर्जदाराने हा विषय काढला. आपण म्हणालात, "बोललो असतो तर नवरा बोलला म्हणाले असते. तुझंही गेलं असतं आणि माझंही." तिचे तर गेलेच, मग वाचले कोणाचे, असे तिने विचारले. त्यावर संदर्भ क्र. २ चा आदेश झाला. सासूबाई टोस्टला लोणी लावत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "तिच्या हाताने चार अर्ज लिहून घेतलेस. एकदा तोंड उघडलं असतंस तर जीभ झिजली असती का रे?" आपण पेपर उघडलात.

अर्जदारास खरे म्हणायचे आहे ते असे. जागा गेली याचे तिला वाईट वाटते, पण जागा कोणाच्याही जातात. त्या खोलीत आपण "त्या विनंत्या माझ्या होत्या" एवढे चार शब्द बोलला असतात आणि तरीही तिची निवड झाली नसती, तर ती घरी येऊन नेहमीसारखी जेवली असती. आपल्या बदल्यांच्या मागे ती इतकी वर्षे गेली, तेव्हा तिला वाटायचे की दोघांची मिळून एक कारकीर्द चालली आहे. वरचे टोक आज आपल्याकडे असेल, उद्या तिच्याकडे येईल. आपल्याला तसे कधी वाटले होते का, हे तिला माहीत नाही. ते या अर्जात विचारता येत नाही, आणि घरी विचारायला आदेश आड येतो.

६. नव्या महासंचालकांचा अर्जदारास फोन आला. पूर-कक्षात ते तिच्या हाताखाली होते. ओशाळून म्हणाले, "मॅडम, ती खुर्ची तुमची होती, हे इथल्या शिपायालाही माहीत आहे." वरच्या ठाण्यावर उपसंचालकाची एक जागा पडून आहे. दोन खोल्या, मागे नदी, जवळचे दुकानही लांब. म्हणून कोणी जात नाही. "तुम्ही आलात तर निदान मला झोप लागेल," असे ते म्हणाले. अर्जदार लगेच हो म्हणाली. विचार करायला वेळ लागेल असे तिला वाटले होते; लागला नाही.

७. तरी विनंती की,

(अ) पती-पत्नी एकत्र नेमणुकीची सवलत अर्जदाराच्या नावापुरती रद्द करावी.

(आ) तिला वरच्या ठाण्यावर पाठवावे. ज्येष्ठता यादीत सर्वांत खाली बसण्यास तिची हरकत नाही. तिथे तिची ओळख आहे.

(इ) कारणाच्या रकान्यात कोणाचीही तब्येत लिहू नये. सासूबाईंची तब्येत उत्तम असून त्यांनी अर्जदारासोबत येण्याचे ठरवले आहे. त्यांची पेटी भरून झाली आहे.

सवलत घेताना नमुन्यावर दोघांच्या सह्या लागल्या होत्या, ती सोडतानाही दोघांच्याच लागतात. त्यामुळे आपणांस दोन ठिकाणी सही करावी लागेल : अर्जावर सचिव म्हणून आणि नमुन्यावर पती म्हणून. पहिली आजच्या आज होईल याबद्दल अर्जदारास शंका नाही. प्रकरण कोणाचेही असो, आपण टेबलावर कागद तुंबू देत नाही. दुसरीसाठी ती थांबणार नाही. आपल्या मुलीला फोनवर हे सांगितले तेव्हा ती आधी हसली आणि मग "आई, तिथे गरम कपडे लागतील," एवढेच म्हणाली.

अर्जदार सोमवारी ठाण्यावर हजर होत आहे. तोवर आदेश न निघाल्यास ते दिवस तिच्या शिल्लक रजेत धरावेत. तिची रजा पुष्कळ शिल्लक आहे.

आपली, या कागदापुरती, विश्वासू,

(सही)
उपसंचालक, मुद्रण व लेखनसामग्री विभाग
दिनांक : शुक्रवार, कार्यालय सुटण्यापूर्वी

प्रत माहितीसाठी : महासंचालक, जलमापन संचालनालय.

सहपत्र : सवलत रद्द करण्याचा नमुना. पत्नीची सही केलेली आहे. पतीच्या सहीची जागा कोरी आहे.