चौथा वाटा

७ जानेवारी

आज गणिताच्या तासाला पानात बांधून उकडलेला चिकट भाताचा चौकोनी बान्ह चुंग घेऊन गेले! सहावीची पोरं एवढी शहाण्यासारखी कधी बसली नव्हती. पानं सोडवली, बांबूच्या पट्ट्या भातात ओढून आठ सारखे तुकडे केले. अर्धा म्हणजे पन्नास टक्के, पाव म्हणजे पंचवीस, एक तुकडा साडेबारा. मग विचारलं, सत्तेचाळीस टक्के म्हणजे साधारण किती? तोआन ओरडला, "अर्ध्याला एक घास कमी, बाई!" असंच हवंय मला. आकडेमोड नको, नुसता अंदाज.

घरचा अभ्यास दिला — घरातल्या माणसांत एक बान्ह चुंग सारखा वाटा. एकाला अंदाजे किती टक्के?

८ जानेवारी

दिएपनं लिहिलंय पंचवीस. घरात आता तिघीच — आई, ती, धाकटी बहीण. वडील ऑक्टोबरात वारले. एक तृतीयांश म्हणजे तेहतीसच्या आसपास, इतकं सोपं! लाल रेघ मारली. वर सगळ्यांसमोर म्हणाले, "घरची माणसंसुद्धा मोजता येत नाहीत का गं?" तिनं वही मिटून दप्तरात टाकली.

घरी येऊन चहाचे दोन पेले भरले, एक यांच्या फोटोपुढे ठेवला. हे जाऊन नऊ वर्षं झाली, सवय काही सुटत नाही.

९ जानेवारी

दिएपनं दिवसभर तोंड उघडलं नाही.

१० जानेवारी

आजही नाही. वही कोरी. सगळ्यांच्या आधी हात वर करणारी पोर! माझं काय चुकलं?

११ जानेवारी

राहवेना. शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. जेवणाची मांडामांड चालली होती. "बसा बाई, दोन घास खाऊनच जा," आई म्हणाली. दिएपनं पहिली वाटी भरली, वर माशाचा चांगला तुकडा ठेवला आणि वाटी वडिलांच्या फोटोपुढे नेली. जेवायच्या काड्या नीट जुळवून ठेवल्या. मग आपल्या तिघींच्या वाट्या भरल्या.

"गेलेल्या माणसाला शंभर दिवस वाढायचं ना," आई म्हणाली. "ही दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही."

मी मेली रोज फोटोपुढे चहा ठेवते, आणि मला हे सुचू नये! फार लाज वाटली. तिथंच म्हणाले, "दिएप, पंचवीस बरोबर होतं गं. चुकले मी."

"मी मोजली होती, बाई, माणसं," ती म्हणाली. आणि मग रडली. बरं झालं. मीही रडले.

२१ जानेवारी

शंभरावा दिवस. दिएप शाळेत नव्हती. तिच्याकडे जाऊन उदबत्ती लावून आले.

२२ जानेवारी

दिएपनं आपणहून वही पुढे केली. पंचवीस खोडलेलं नाही. त्याच्याखाली लिहिलंय — तेहतीस, अंदाजे.

मग हळूच विचारलं, "तुमच्या घरी किती, बाई?"

मी एकटी राहते, सगळ्या गावाला माहीत आहे.

"पन्नास," मी म्हणाले.

तिनं माझा लाल पेन उचलला आणि माझ्या तळहातावर बरोबरची खूण केली.