एका गोळ्याची तीन नावं

ती. ताईस तुझ्या फटकळ भावाचा नमस्कार.

मी बरा आहे. अक्षर वाकडं दिसेल, तिकडे लक्ष देऊ नकोस.

आमच्या कोठारात चार देशांचे तोफगोळे येतात. एक देश गोळ्याला वर्षावरून नाव देतो, दुसरा नुसता आकडा चिकटवतो. त्यात एकाच गोळ्याला रणगाडेवाले जे नाव देतात ते आरमारवाल्यांना मान्य नाही, त्यांचं दुसरंच. यांच्यापेक्षा मानपानावरून रुसणारे व्याही परवडले!

मागल्या महिन्यात रणगाडेवाल्यांनी सरावाचा पोकळ गोळा मागवला. त्याच आकड्याचा दुसऱ्या देशाचा गोळा दारूने भरलेला असतो. कोठारातून नेमका तोच गेला. निशाणाजवळच्या खड्ड्यात आम्ही तिघे नेम बघायला बसलो होतो. मेलं कोणी नाही, घाबरू नकोस.

मग साहेबलोकांनी दिवसभर बैठक घेतली, चहा ढोसला आणि काय दिवे लावले? त्या गोळ्याला तिसरं नाव दिलं! आता ते कोणाच्याच लक्षात राहत नाही.

तुझा गुडघा कसा आहे? आईला झोप लागते का?

तिला हे पत्र वाचून दाखव, पण तिच्या हातात देऊ नकोस. माझं अक्षर ती ओळखते, आणि हे डाव्या हाताचं आहे.

तुझाच,
धाकटा