आईला पुलापलीकडे सोडताना

आप्पा, आईची तक्रार करायला म्हणून मी हे लिहायला घेतलं. तुम्ही जाऊन पंचवीसहून जास्त वर्षं झाली, आणि बापाकडे आईची चुगली करण्याचं माझं वयही राहिलेलं नाही. पण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर मलाच वेडी म्हणतील. तुम्ही म्हणाला नसतात. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवला असता आणि म्हणाला असतात, "आधी काय दिसलं ते सांग. काय वाटलं ते मागाहून." जकात नाक्यावर आलेल्या ट्रक ड्रायव्हरशी तुम्ही असंच बोलायचात आणि घरी माझ्याशीही.

तर काय दिसलं ते आधी. माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये एक निळी फाइल आहे. तिच्यात आईचा पासपोर्ट, ग्रीन कार्ड, औषधांची यादी, सगळं मी नीट लावून ठेवलेलं. आई चार वर्षांपूर्वी माझ्याकडे न्यू जर्सीत आली आणि चारही वर्षं तिचे कागद मीच सांभाळत आले. दोनेक महिन्यांपूर्वी इन्शुरन्सच्या कामासाठी फाइल उघडली, तर ग्रीन कार्ड जागेवर नाही. ज्या प्लॅस्टिकच्या कप्प्यात ते असायचं, तो कप्पा मात्र व्यवस्थित बंद केलेला. मनात पाल चुकचुकली. माझं कामच सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचं आहे, आप्पा. चोरापेक्षा नीटनेटक्या चोराची मला जास्त भीती वाटते. आईला लगेच विचारलं नाही. पाळत ठेवली. मग दिसायला लागलं की ती फोनवर बोलत असते आणि मी स्वयंपाकघरात शिरले की "बरं, ठेवते मग" म्हणते. दुपारी मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना बाहेरच्या दाराचा आवाज येतो. आणि परवापरवापर्यंत सुती साडीवर स्वेटर चढवून बसणारी बाई आता दुपारी केस विंचरून बसते.

फोन कुणाचा ते शोधायला वेळ लागला नाही. सहा महिन्यांपूर्वी इंडियन ग्रोसरीत आई भेंडी मोडून बघत होती, तेव्हा मागून एक आवाज आला, "मराठी का तुम्ही?" मी लगेच सावध झाले. इथे दुकानात अनोळखी माणूस गोड बोलून गावबीव विचारायला लागला, की तिसऱ्या वाक्याला तो तुम्हाला कसल्या तरी साखळी धंद्यात ओढणार, व्हिटॅमिनच्या गोळ्या नाहीतर साबण विकायला लावणार, हा अनुभव आहे. आधी इथल्याच पिस्कॅटवे गावात राहत असताना एका जोडप्याला मी घरी जेवायला बोलावून बसले होते. श्रीखंड संपायच्या आत त्यांनी लॅपटॉप उघडला. तेव्हापासून कानाला खडा. या बाई सत्तरीच्या, आखूड पांढरे केस, पायांत बूट. म्हणाल्या, चाळीस वर्षांपूर्वी इथे आले, डॉक्टर होते, आता रिटायर्ड, नवरा गेला, नदीपलीकडे एकटीच राहते. मी म्हटलं, "काकू, आम्हाला जरा घाई आहे." पण तोवर आईने त्यांना नंबर देऊन टाकला होता. चार वर्षांत आईने स्वतःचा नंबर कुणाला दिलेला मी पाहिला नव्हता. तिला तो पाठ आहे हेही मला ठाऊक नव्हतं.

नदीपलीकडे म्हणजे फार लांब नाही. आमचं गाव डेलावेअर नदीच्या अलीकडे, काकूंचं पलीकडे. मधल्या पुलावर न्यू जर्सी संपतं आणि पेनसिल्व्हेनिया लागतं. राज्य बदलतं, पण घरं तशीच, हिरवळ तशीच, फक्त पेट्रोल आपल्या हाताने भरावं लागतं. घरापासून घरापर्यंत बारा मिनिटं.

गेल्या महिन्यातल्या एका गुरुवारी जेवताना आई म्हणाली, "रविवारी मला त्या डॉक्टरीणबाईंकडे सोडशील? अकराला."

"कशाला?"

"जायचंय."

"परत कधी आणायचं?"

तिने वरणात भात कालवला. "ते तिथे गेल्यावर बघू."

आप्पा, 'तिथे गेल्यावर बघू' म्हणणाऱ्याचा ट्रक तुम्ही सोडला असता का? मी त्या रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. कार्ड, फोन, विंचरलेले केस. म्हटलं, कुणीतरी म्हातारीला गोड बोलून सह्या घेतंय. तो हसला. "यार, ती तुझी आई आहे, ट्रक नाही. ड्राइव्ह कर आणि सोडून ये." त्याला नाक्याची गोष्ट माहीत आहे. आपल्याकडच्या सगळ्या जावयांना, सुनांना ती सांगितली जाते. मीच सांगते, आणि चांगली रंगवून सांगते.

ती गोष्ट तुम्हाला सांगण्यात काही अर्थ नाही, पण मला ती आज माझ्या बाजूने सांगायची आहे. मी सात वर्षांची आहे. आई आणि मी मामाकडून एसटीने परत येतोय, भाऊबीज होऊन दोन दिवस झालेत. गावाच्या वेशीवर तुमच्या नाक्याशी गाडी थांबते, तुम्ही खाकी पिशवी खांद्याला लावून आत चढता. मला इतका आनंद होतो की मी सीटवर उभी राहते. तुम्ही सगळ्यांना विचारत विचारत येता, "नवा माल काही?" आईला पण तसंच विचारता. ती पदर तोंडाला लावून हसते. तिला वाटतं तुम्ही गंमत करताय. "काही नाही, घरचंच," ती म्हणते. आणि मी ओरडते, "आप्पा, मामाने नवे डबे दिलेत, सात!" पुढे तुमचा आवाज येतो, "बाई, पिशवी खाली घ्या." बाई! उतरताना आई एकदा माझ्याकडे बघते. नाक्याच्या ओट्यावर तुम्ही पिशवी मोकळी करता. सात स्टीलचे डबे निघतात, आणि डबे आपटू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये कोंबलेले आईचे परकर निघतात, ते तुम्ही एकेक करून बाजूला ठेवता. अख्खी एसटी खिडक्यांतून बघत असते. तुम्ही पावती फाडता. गावात पुढे किती वर्षं तुमचं नाव निघालं की लोक म्हणायचे, स्वतःच्या बायकोला सोडलं नाही, असा माणूस. त्या संध्याकाळी तुम्ही मला तुमच्या टेबलावरची लाल-निळी पेन्सिल दिलीत. एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. मी ती झोपताना उशाखाली ठेवली होती. आईने त्या डब्यांत कधी काही भरलं नाही. ते माळ्यावर गेले. मला त्या वेळी वाटलं होतं, जागा नसेल.

तर रविवारची तयारी. बारा मिनिटांच्या रस्त्याची मी अशी तयारी केली की लांबच्या प्रवासालाही कुणी करणार नाही. पूल तीन. एक जुना, अरुंद, घराला सगळ्यात जवळचा, त्यावर गाड्या बैलगाडीच्या चालीने जातात. दुसरा हायवेचा, टोलचा. तिथे माणूसच नाही, आप्पा. वरच्या कमानीतला कॅमेरा नंबरप्लेटचा फोटो काढतो आणि तुम्ही न थांबता पुढे. डिकी उघडा म्हणणारं कुणी नाही. तिसरा पूल बराच वरच्या अंगाला, तिकडून गेलं तर पाऊण तास. मी तिसरा निवडला. गाडीत ती माझ्या शेजारी पट्टा लावून बसणार, उठून जाऊ शकणार नाही, पाऊण तासात मी तिच्याकडून सगळं काढून घेईन, असा माझा हिशोब होता. काकूंच्या घराचा फोटो मी नकाशावर आधीच बघून ठेवला. अंगणात एक गाडी, दारात कुंड्या, खिडक्यांना पडदे. पडदे ओढलेले का, यावरही मी विचार केला.

रविवारी सकाळी आई आंघोळीला गेली. तिची पिशवी दाराशी होती, तीच कापडी, लाकडी दांड्यांची. मी बाथरूममधल्या पाण्याचा आवाज ऐकत राहिले आणि मग तिथेच जमिनीवर बसून पिशवी उघडली. वर बेसनाच्या लाडवांचा डबा. खाली दोन साड्या, ब्लडप्रेशरच्या गोळ्या, तुमचा छोटा फोटो, रुमालात गुंडाळलेलं ग्रीन कार्ड. आणि सगळ्यात तळाशी, वर्तमानपत्रात बांधलेल्या, तिच्या घरात घालायच्या सपाता. मरून रंगाच्या, डाव्या अंगठ्याशी झिजलेल्या. कुणाकडे दुपारचा चहा प्यायला जाताना माणूस लाडू नेतो, एक वेळ गोळ्याही नेतो. घरातल्या सपाता नेत नाही. कुणीही आईला फसवत नव्हतं. आई राहायला चालली होती. पाणी बंद झालं तेव्हा मी पिशवी पुन्हा दाराशी ठेवली, दांड्या भिंतीकडे, होत्या तशाच.

गाडीत आईने पट्टा लावला आणि पिशवी मांडीवर घेतली. डावीकडे वळायच्या ठिकाणी मी सरळ गेले, तशी ती म्हणाली, "ही वाट नाही."

"तुला काय माहीत?"

"दोनदा गेलेय. त्या येऊन न्यायच्या दुपारी, तुझी मीटिंग असली की." मग म्हणाली, "आजही येणार होत्या. मीच नको म्हटलं. म्हटलं, माझी लेक सोडेल. तिला बघू दे सगळं."

मी गाडी वळवली आणि जुन्या पुलाकडे घेतली. खाली नदीत पाणी कमी होतं, दगड वर आलेले. पुलाच्या मध्यावर राज्याच्या नावाची पाटी आहे. आईने मान वळवून ती वाचली. "इथे कुणी थांबवत नाही?"

"नाही."

"बरं आहे," ती म्हणाली.

काकूंनी दार उघडलं. घरात फोडणीचा वास होता आणि कुठेही लॅपटॉप उघडा नव्हता. त्यांनी खालच्या मजल्यावरची एक खोली दाखवली. पलंग, खिडकी, एक कपाट. "जिने चढायला नकोत म्हणून खालची," त्या म्हणाल्या. "आणि कार्डाचं मीच सांगितलं हं तुमच्या आईंना. ग्रीन कार्ड ज्याचं त्याने जवळ बाळगायचं असतं, कायदाच आहे तसा. तुम्ही रागावला नाहीत ना?" मला तोंडात मारल्यासारखं झालं. नियमांची एवढी पक्की मी, आणि हा नियम मला माहीत नव्हता.

काकू चहा ठेवायला गेल्या. मी आईला विचारलं, "माझ्याकडे काय कमी आहे?"

"काही कमी नाही गं. तू खूप करतेस." ती पलंगाच्या कडेवर बसली होती, एखाद्या पाहुण्यासारखी. "पण त्या घरात मी एक ड्रॉवर उघडला की तू विचारतेस काय हवंय, आणि बंद केला की विचारतेस काय ठेवलंस. मी चार वर्षं बघतेय. तुझ्या वडिलांच्या घरात तेच सोसलं, आता नाही होत."

"आप्पांनी कधी—"

"ते ड्यूटीवर होते," ती म्हणाली. "त्यांचं मी कधीच सोडून दिलं. त्या दिवशी तू ओरडलीस, ते नाही गेलं मनातून. आणि तू तर एवढीशी होतीस. तुला काय बोलणार?"

मी रडले, आप्पा. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण चल परत, असं म्हणाली नाही.

मग तिने पिशवी सोडायला घेतली. डबा काकूंसाठी बाजूला ठेवला, साड्या कपाटात, तुमचा फोटो खिडकीत. नंतर तिने पिशवीत हात घालून तळ चाचपला. पिशवी उलटी केली. वर्तमानपत्राचा कागद तेवढा बाहेर पडला. तिने माझ्याकडे पाहिलं. एसटीतून उतरताना पाहिलं होतं तसंच. "विसरले वाटतं," ती काकूंना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, आणि बाहेरचे बूट दाराशी काढून त्या गार लाकडी जमिनीवर अनवाणी चहाला गेली.

वर एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नाही. त्या सकाळी, पिशवी दाराशी ठेवण्याआधी, मी सपाता काढून घेतल्या. कागद तसाच ठेवला. मला वाटलं, सपाता नसल्या तर ती राहणार नाही. पन्नाशी उलटलेली मी, आणि मला खरंच तसं वाटलं.

त्याला आता तीन आठवडे झाले. सपाता माझ्या गाडीच्या डिकीत आहेत. बारा मिनिटांचा रस्ता आहे आणि मला तीनही पूल पाठ आहेत. आई रोज संध्याकाळी फोन करते, भाजी काय केली ते सांगते, सपातांबद्दल विचारत नाही. माल जप्त केला तरी त्याची पावती द्यावी लागते, असं तुम्हीच मला एकदा नाक्यावर शिकवलं होतं. मी तक्रार करायला बसले होते, आणि एवढं लिहून बघते तर हीच ती पावती झाली आहे, फक्त तुमच्या नावाने फाडलेली. द्यायची आहे तिला. तिच्याकडे घेऊन जायची माझी अजून छाती होत नाही.