कुलूप लावलेला फळा

प्रिय आमू,

सप्रेम जय भीम.

परवा फोनवर तू म्हणालीस, मी बंगळुरात राहिले काय आणि कंपनीने जर्मनीला पाठवलं काय, बाबा, तुम्हाला काय फरक पडतो. माझं फेसबुकवरचं एक अक्षर तुम्ही कधी बघत नाही, असंही म्हणालीस. मी नेहमीसारखं बरं म्हणालो आणि तू फोन ठेवलास. मग दिवसभर कुणाशी बोलणं झालं नाही. इथले वारज्याचे शेजारी चांगले आहेत, म्हणजे त्रास देत नाहीत. बोलतही नाहीत.

आपल्या जुन्या वस्तीतल्या विहारापुढचा फळा तुला आठवत असेल. कामावर जाण्याआधी तो मीच लिहायचो. पेपरातली चांगली बातमी, कुणाच्या पोरीचा निकाल, आणि खाली खडूने आपली एक ओळ. लोक उभ्याउभ्या वाचायचे आणि पुढे जायचे. छान लिहिलंय दशरथराव, असं सांगायला कुणी थांबत नसे. वाचतात, एवढं मला पुरायचं.

फेसबुकही मी तसंच चालवलं. तुझं काही आलं की शेअर करायचं आणि वर चार ओळी लिहायच्या. नुसता अंगठा टेकवून मोकळं होणं मला पटत नाही. तुझं ऑफिसातलं बक्षीस, तुझ्या त्या फाटलेल्या पुरणपोळ्या, सगळ्यावर लिहिलं. पुरणपोळ्यांवर जरा खवचटच लिहिलं. तुझं उत्तर कधी आलं नाही. वाटलं, पोरगी कामात असेल, नाहीतर बापाच्या लिहिण्याची मैत्रिणींपुढे लाज वाटत असेल. खोटं कशाला बोलू, वाईट वाटायचं.

तुझ्या फोननंतर राहवेना, म्हणून विहारात हिराताईंना माझं फेसबुक दाखवलं. त्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायच्या. त्यांच्या फोनवर माझं पान उघडलं तर कोरं. फळ्यावर पोरं रेघोट्या मारायची ना, त्या धास्तीने खातं उघडतानाच मी दिसतील ती सगळी कुलपं लावून टाकली होती. इतकी वर्षं माझं लिहिलेलं फक्त मलाच दिसत होतं. हिराताई आधी हसल्या, मग माझा फोन हातात घेऊन बसल्या.

त्यांनी ते बदलून दिलं. यापुढे शेअर करीन ते तुला दिसेल. जुनंही एकेक करून उघडतोय. एक मात्र उघडणार नाही. तुझ्या आईच्या पहिल्या स्मृतिदिनाला तू तिचा फोटो टाकलास, त्यावरचं. ते चारचौघांत वाचायचं नाही, म्हणून हे पत्र. तिथे लिहिलं होतं, आमू, घर खायला उठतं. तू फोन ठेवलास तरी मी तो तसाच कानाला धरून बसतो. आता महिनाअखेरीला जाणार की नाही ते तू कंपनीला कळवणार आहेस. जर्मनीला जा, तुझ्या आईनेही हेच सांगितलं असतं. पण मला फरक पडत नाही असं समजून जाऊ नकोस. फार पडतो.

तुझाच,
बाबा