स्की न करणाऱ्यांसाठी

२ नोव्हेंबर
दादाचा म्युनिकहून फोन. जानेवारीत आम्हा चौघांना बोलावलंय: आई, बाबा, नागेश आणि मी. दोन आठवडे, त्यातले सहा दिवस आल्प्समध्ये. त्याला स्की येतं, आम्हाला नाही. म्हणून रिसॉर्ट नवशिक्यांना आणि स्की न करणाऱ्यांना सोयीचा हवा. निवड माझ्याकडे सोपवली. योग्य निर्णय. या घरात मोजून काम करणारं दुसरं कुणी नाही.

फक्त नोंदीसाठी: इन्सब्रुकच्या एका कंपनीने मला २१ जानेवारीला मुलाखतीला बोलावलंय. बर्फाच्या थरात पुरायचे सेन्सर. मी मातीतल्या ओलाव्याच्या सेन्सरचं सॉफ्टवेअर लिहिते, पुण्याच्या कंपनीसाठी, परभणीतल्या आमच्या मागच्या खोलीत बसून. बाबांच्या बायपासनंतर दोन महिन्यांसाठी आले होते. तीन वर्षं झाली. तात्पुरतं आहे.

घरी सांगितलेलं नाही. योग्य वेळी सांगेन. आधी रिसॉर्ट.

५ नोव्हेंबर
शीट तयार. चौदा रिसॉर्ट, अकरा निकष. सोपा उतार गावाला लागून आहे का. चढायला सरकता पट्टा आहे का. स्की न करणाऱ्याला केबल कारने वर जाऊन तिनेच खाली येता येतं का. चालायच्या वाटांवरचा बर्फ काढतात का. इन्सब्रुकशी रेल्वे जोडणी: शंभरपैकी तीस गुण. एवढे का, हे कुणीही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

९ नोव्हेंबर
घरच्यांची मतं घेतली.

आईने विचारलं, घसरायचं नसेल तर बर्फाचं करायचं काय. मी सांगितलं: चालायचं, केबल कारमध्ये बसायचं, कॉफी प्यायची, बघायचं. ती म्हणाली, बघायला गच्ची आहे. मग विचारलं, तो पाळणा चालू असतानाच चढावं लागतं का, उरुसातल्यासारखा थांबत नाही का. स्टेशनात वेग कमी होतो, अशी टीप शीटमध्ये टाकली.

बाबांना तिथे वाचनालय आहे का हे हवं होतं. निवृत्त शिक्षक. अपेक्षित.

नागेश म्हणाला, निळा उतार पोरींचा, तो थेट लाल उतारावर जाणार. निळा सोपा, लाल मध्यम, काळा अवघड, एवढं त्याला व्हिडिओ बघून कळलंय. धाकटा भाऊ, पदवीधर, सध्या जिममध्ये. नवशिक्या म्हणून नोंदवला.

दगडाआत्याला विचारायचा प्रश्न नव्हता, ती येणार नाही. बाबांची थोरली बहीण, आमच्याकडेच असते. साखर, दोन वेळा इन्सुलिन. हात थरथरतात म्हणून सुई मी देते.

१६ नोव्हेंबर, सकाळी ६:४०
गच्चीवर सराव. स्कीवर थांबायची पद्धत: पुढची टोकं जवळ, टाचा लांब, गुडघे वाकलेले. मोजे घालून फरशीवर वीस वेळा केलं. सिद्धांत पक्का आहे. बर्फ ही फक्त अंमलबजावणी.

आत्या दोरीवर लुगडं वाळत घालत होती. बराच वेळ बघून म्हणाली, पोटात दुखत असेल तर ओवा खा.

२३ नोव्हेंबर
रिसॉर्ट ठरला. पर्याय ‘क’. नवशिक्यांचा उतार हॉटेलच्या दारात. इन्सब्रुक रेल्वेने पन्नास मिनिटं. दादा म्हणाला, इतकं नीट काम त्याच्या ऑफिसातसुद्धा कुणी करत नाही.

जेवताना मुलाखतीचं सांगणार होते. पण व्हिसाला बोटांचे ठसे उमटतील का, याची बाबांना काळजी लागली होती. खडूने झिजलीत म्हणे. विषय बदलणं बरं दिसलं नसतं.

१२ डिसेंबर
चौघांचे व्हिसा आले. बाबांचे ठसे उमटले. सगळं वेळापत्रकाप्रमाणे. मुलाखतीचं या रविवारी सांगते.

१४ डिसेंबर
रविवार. पाहुणे होते.

२० डिसेंबर
अडचण. आत्याजवळ राहायला चुलत बहीण धम्मशीला येणार होती. तिच्या शाळेची तपासणी निघाली. आता चौघांपैकी एकाला थांबावं लागणार.

तासभर प्रत्येकजण स्वतःचा त्याग करत होता. आई म्हणाली, मी थांबते, मला बर्फाची हौस नाही. बाबा म्हणाले, माझी बहीण, मी थांबतो. नागेशही म्हणाला, मग लगेच म्हणाला की दादाला वाईट वाटेल. आई रडायच्या बेतात. मी मध्ये पडले. सुचवलं की शीट करू. आत्याजवळ थांबायला सगळ्यात योग्य कोण, हे गुणांवर ठरेल. निकाल बंधनकारक. सगळ्यांनी मान्य केलं.

माझा अंदाज: नागेश. जिम सोडली तर दिवसभर घरीच असतो.

२१ डिसेंबर, सकाळी ११:००
निकष: इन्सुलिन देता येणं ३०. साखर उतरली तर काय करायचं हे माहीत असणं २०. दिवसभर घरी असणं १५. गाडी चालवणं १०. स्वयंपाक १०. इन्व्हर्टर आणि बोअरचा स्टार्टर १०. हाक मारल्यावर जाग येणं ५.

निकाल: नागेश २२. बाबा ४८. आई ६१. मी ९३.

फॉर्म्युला दोनदा तपासला. चूक नाही.

‘इन्सब्रुकला २१ तारखेला काम असणं’ असा निकष घालता आला असता. पण मग तो समजावून सांगावा लागला असता. शिवाय निकाल आल्यावर निकष वाढवणं ही पद्धत नव्हे.

दुपारी सगळ्यांना दाखवलं. आई म्हणाली, कागद राहू दे, मीच थांबते, तुझं काही असेल तर सांग. माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, ठरलं ते ठरलं. बाबा म्हणाले, इंजिनिअर शोभतेस.

भावनिक दबाव टाकून निकाल फिरवला नाही, याचं समाधान आहे.

२४ डिसेंबर
कंपनीला लिहिलं: मुलाखत ऑनलाइन घेता येईल का, किंवा मार्चमध्ये. हे थांबणं तात्पुरतं आहे. त्यांनाही माझी गरज आहे.

२९ डिसेंबर
कंपनीचं उत्तर. सेन्सर हाताळायचे असल्याने ऑनलाइन शक्य नाही. मार्चपर्यंत जागा रिकामी ठेवता येणार नाही. २१ तारखेला आलात तर आनंद होईल.

आनंद होईल, असं लिहिलंय. म्हणजे दार पूर्ण बंद नाही.

१३ जानेवारी
तिघांना स्टेशनवर सोडलं. प्रत्येकाला लॅमिनेट केलेलं कार्ड दिलं: हॉटेलचा पत्ता, गोळ्यांच्या वेळा, थांबायची पद्धत चित्रासह. नागेशने माझं जॅकेट घातलं होतं. त्याला घट्ट होतं.

१८ जानेवारी, संध्याकाळी ६:१०
उतारावरून व्हिडिओ कॉल. माझी निवड शंभर टक्के बरोबर ठरली. बाबा पाळण्याने सहा वेळा वर जाऊन आले, पास दिवसभराचा आहे म्हणून. नागेश पहिल्या तासात लाल उतारावर गेला, घोटा मुरगळला. आता स्की न करणाऱ्यांत आहे.

आई स्की करतेय. आयुष्यात पहिल्यांदा पॅन्ट घालून. शिकवणाऱ्याचं जर्मन तिला कळत नव्हतं म्हणून मी इथून मराठीत सांगत होते: टोकं जवळ, टाचा लांब, गुडघे वाकव. ती थांबली. बरोबर जिथे थांबायचं तिथेच. मग फोनकडे बघून इतकी हसली की तिला बोलता येईना.

सिद्धांत पक्का होता.

२१ जानेवारी, सकाळी ७:१५
आत्याची उपाशीपोटी साखर १४२. सुई दिली. ती म्हणाली, काल रात्रीपासून तू घड्याळाकडंच बघायलीस. सांगायचं कारण नव्हतं, पण सांगितलं. आज मुलाखत होती. आपल्या दुपारी दीडला. तिथे नोकरी लागली असती.

कुणालातरी पहिल्यांदाच सांगितलं. बोलायला चाळीस सेकंद लागले.

ती म्हणाली, “मंग गेली कामून न्हाईस?”

मी लॅपटॉप आणला. तिला वाचता येत नाही, म्हणून एकेक ओळ वाचून दाखवली, गुणांसकट. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“ह्यात मी कुठं हाय?”

मी म्हटलं, आत्या, ही सगळी शीट तुझ्यासाठीच आहे.

“तसं न्हाई. मला कुणी इचारलं का? ताडकळसला माझ्या दिराची लेक हाय, बबिता. दवाखान्यात नर्स हाय ती. कवाची बोलवायली, काकू, म्हैनाभर राहायला ये म्हणून. म्या गेले असते की.”

ती उठता उठता म्हणाली, “आन् तू तरी कुणाला सांगितलंस, बाई?”

आता निघालं तर पोचशील का, असं तिने दारातून विचारलं. साडेसहा हजार किलोमीटर, मी म्हटलं. ताडकळसची बस नवाला हाय, ती म्हणाली, आणि आत गेली.

शीट उघडली. एक निकष वाढवला: आत्याला विचारले का. चौघांनाही शून्य. अजून एक वाढवला: स्वतःचे काम घरी सांगितले का. तो फक्त मला लागू होता. तिथेही शून्य.

बेरीज तरीही माझीच जास्त येते.