गोऱ्हा नव्हता तो!

खामगाव, मंगळवार, संध्याकाळ

मी शिकवायचो तेव्हा अख्खा चौथीचा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा, तो आवाज सकाळपासून कानात होता. तशीच, ओळीमागून ओळ पाठ करावी तशी, मोबाइलवरच्या फुटबॉलच्या खेळात मी टीम बांधत होतो. सोळा वर्षांचा गोलकीपर घेतला, पाच हंगाम बाकावर बसवून घडवला. सकाळी चहा टाकायला उठलो, तेवढ्यात शेजारी बसलेल्या बशीरने मोबाइल उचलून गोलकीपरच विकून टाकला! जन्म बैलबाजारात गेलेला माणूस. वर हसतो, "मास्तर, भाव आला की गोऱ्हा दावणीले ठेवत नसतात बे!"

गोऱ्हा? माझा गोलकीपर होता तो! "नीघ, परत येऊ नको," म्हणालो. चाळीस वर्षांची दोस्ती, एका गोलकीपरसाठी? हो, त्याच्यासाठीच!

हे लिहितोय तोच दार वाजलं. बशीरची बायको. आजवर कधी एकटी आली नव्हती.

"मास्तर, काय बोलले तुम्ही त्याइले? दुपारपासून उपाशी हायेत."